महसीरसाठी फ्लाय फिशिंगचं सामान : हुकपासून सुरुवात करा, रॉड शेवटी

हिमालयात महसीर मारायला, सॉरी, पकडून सोडायला जायचं ठरलं की जो तो पहिला प्रश्न एकच विचारतो, रॉड कुठला घेऊ. मीही तेच केलं होतं. दोन महिने रॉडचे व्हिडिओ बघितले, ऐपतीबाहेरचा रॉड घेतला, आणि हुक मात्र घरात ट्राउटसाठी (गार पाण्यातला, महसीरपेक्षा लहान मासा) आणलेले पडले होते तेच उचलून डबीत टाकले. पंचेश्वरला सरयू जिथे महाकालीला मिळते तिथून थोडं वर, सरयूवरच, तिसऱ्या दिवशी सकाळी मासा लागला. लागला म्हणजे काय, बोटांतून लाइन ओढली गेली, रीळ किंचाळलं आणि मी पाय नीट रोवेपर्यंत सगळं सैल. लाइन ओढून बघतो तर फ्लाय (हुकवर पिसं-केस बांधून केलेलं खोटं आमिष) जागेवर, पण हुकचं तोंड मिटलेलं, टोक दांडीला टेकलेलं, सेफ्टी पिन बंद केल्यासारखं. बरोबर जे दाज्यू होते (कुमाऊंत मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, गाइडलाही तशीच हाक मारतात) त्यांनी तो हुक हातात घेतला, उलटापालटा केला आणि एवढंच म्हणाले, 'ये तो ट्राउट वाला है.'

म्हणून मी हे सगळं उलट्या क्रमानं लिहितोय, माशाच्या तोंडापासून सुरुवात आणि रॉड जवळजवळ शेवटी. पैसेही त्याच क्रमानं घाला.

आधी मासा कोण आहे ते दोन ओळींत. हिमालयातला तो गोल्डन महसीर, टॉर पुटिटोरा, उत्तराखंडचा राज्यमासा, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेला. आपल्याकडे सह्याद्रीतल्या नद्यांत खडस असतो तो याचा चुलत भाऊ. पश्चिमेला बियासपासून गंगा, रामगंगा, सरयू, महाकाली, आसाम-अरुणाचलात जिया भरेली, सुबनसिरी असा सगळा पायथ्याचा पट्टा याचा. पावसाळ्यात अंडी घालायला उपनद्यांत वर चढतो, त्यामुळे गळ टाकायचे दिवस म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून मे, आणि मग पाऊस संपून पाणी निवळल्यावर ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पकडायचा तो सोडण्यासाठीच, यावर चर्चा नाही, आणि सामान निवडतानाही हे डोक्यात ठेवायचं, कसं ते पुढे येईलच.

हुक

महसीरच्या जबड्यात दात नसतात. ओठ जाड, मांसल, रबरासारखे. हे वाचून लोक निर्धास्त होतात. दात असतात ते घशात, तीन रांगा, आणि त्यांनी तो खेकडे आणि गोगलगायी कवचासकट फोडून खातो. तुमची फ्लाय जरा आत गेली की तोच अडकित्ता तुमच्या हुकवर चालतो. वरून पहिली धाव अशी जोरात असते की कमजोर हुक मिटला नाही तर सरळ तरी होतो. दोन्ही बघितलंय.

तेव्हा हुक जाड तारेचा घ्या. पाकिटावर दोन एक्स, तीन एक्स स्ट्राँग असं लिहिलेलं असतं तो, किंवा सरळ खाऱ्या पाण्याच्या मासेमारीचा हुक. गामाकात्सुचा एसएल बारा एस, टीमकोचा आठशे अकरा एस, या जातीचे. साइज ४ नंबरपासून १/० पर्यंत पुरे. नवख्यांसाठी सांगतो, हुकचा नंबर वाढतो तसा हुक लहान होतो, पण १ च्या पुढे १/०, २/० असं शून्य लागलं की उलटा मोठा होत जातो, हे माहीत नसल्यानं एकानं १० नंबर म्हणजे दणकट म्हणून मागवले होते, डबी उघडल्यावर चेहरा बघण्यासारखा होता. दांडी आखूड असलेली बरी, लांब दांडीला माशाच्या तोंडात पिळा बसतो आणि तिथून वाकतो.

स्टेनलेस स्टीलचे हुक गंजत नाहीत म्हणून दुकानदार कौतुकानं दाखवतो. मी घेत नाही. लाइन तुटून हुक माशाच्या तोंडात राहिला तर तो कधीतरी गंजून पडायला पाहिजे, स्टेनलेस तसाच राहतो. गोड्या पाण्यात तसाही गंजाचा त्रास कमी, संध्याकाळी डबी उघडी ठेवून वाळवली की झालं.

हुकच्या टोकामागचा तो उलटा काटा, बार्ब, पकडीनं दाबून सपाट करून टाका. घरीच करा, नदीवर 'करू नंतर' म्हणून राहतं. मासा सुटेल अशी भीती वाटते, पण लाइन ताणलेली ठेवली तर सुटत नाही, आणि जाड हुक बार्ब नसला की ओठात जास्त सहज घुसतो हा फायदाच. सोडताना दोन सेकंदांत निघतो. तुमच्या स्वतःच्या कानात घुसला तरी दोन सेकंदांत निघतो, वजनदार फ्लाय आणि दुपारचा वारा असला की हे होतंच कधीतरी.

आणि छोटी कानस जवळ ठेवा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढायचं, रुतलं तर धार आहे, घसरलं तर घासा. नदीचा तळ सगळा धोंड्यांचा, वीस-पंचवीस कास्टमध्ये (फेकींत) एकदा तरी हुक दगडाला घासतोच.

फ्लाय

यात लोक वेडे होतात, शंभर प्रकार आणतात. मी तीन-चारच नेतो, पण प्रत्येक दोन वजनांत.

पहिला क्लाउझर मिनो. डोळ्यांच्या जागी डंबेलसारखे धातूचे मणी, त्यामुळे फ्लाय पाण्यात उलटी होते आणि हुकचं टोक वर राहतं, दगडांत अडकत नाही. फक्त या एका कारणासाठी हिमालयात हा नंबर एक. रंग ऑलिव्ह आणि पांढरा, तपकिरी आणि सोनेरी, आणि गढूळ पाण्यासाठी काळा. लांबी अडीच ते साडेतीन इंच, कारण महसीर इथे असेला (हिमालयातला स्नो ट्राउट) माशाची पिल्लं आणि तळातले छोटे मासे खातो ते साधारण एवढेच असतात. दुसरा वुली बगर, काळा आणि ऑलिव्ह, साधा दिसतो पण कमी पाण्यात क्लाउझर धप्पकन पडून मासा बिचकतो तिथे हा कामाला येतो. तिसरा सशाच्या कातडीच्या पट्टीचा झोंकर. चौथी, मे महिन्यात फोमची तरंगती फ्लाय, नाकतोडा किंवा सिकाड्यासारखी, कारण झाडावरून काहीही टपकलं, किडा असो की पिकलेलं फळ, की महसीर वर येऊन घेतो. पाण्यावर घेताना दिसला की बाकीचं सगळं विसरायला होतं, पण त्याच्या भरवशावर आठवडा काढू नका.

फ्लाय मोठी म्हणजे मासा मोठा असं नाही. पाच इंचाची ओली फ्लाय आठ वेटच्या रॉडनं (वेट म्हणजे काय ते रॉडपाशी सांगतो) फेकायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड, दिवसभरात खांदा जाईल आणि कास्ट पोचणार नाहीच. विकतच्या फ्लाय घेणार असाल तर आधी हुक बघा, पिसं नंतर. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त फ्लाय छान बांधलेल्या असतात पण पातळ तारेवर. बोटांत धरून वाकवून बघा, सहज वाकला तर ती फ्लाय भिंतीवर लावायला चांगली.

लीडर, टिपेट आणि गाठ

लीडर म्हणजे जाड लाइन आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता पारदर्शक दोरा, टिपेट म्हणजे त्याचा फ्लायकडचा शेवटचा तुकडा. टिपेट फ्लुरोकार्बनची, १६ ते २० पाउंडाची. ट्राउटवाल्यांना हा दोरखंड वाटतो. पण तळात धारदार कडांचे दगड, आणि मासा लागला की त्याला पहिलं सुचतं ते दगडामागे जाणं. फ्लुरोकार्बन घासाला जास्त टिकते, म्हणून ती. पाणी अगदी आरशासारखं आणि उथळ असेल तर १२ पर्यंत उतरतो, त्याखाली नाही. दुसरं कारण सोडण्याचं, बारीक टिपेटवर मासा अर्धा तास खेळवावा लागतो, पाणी कोमट असेल तर असा दमलेला मासा सोडल्यावर पोहत जातो आणि पुढच्या वळणावर उलटा होतो. जाड टिपेट, लवकर आत, लवकर बाहेर.

लीडरच्या लांबीत एक चूक फार होते. तरंगत्या लाइनवर ९ फुटी लीडर बरोबर. पण बुडणाऱ्या लाइनला तोच लावला तर लाइन तळाशी आणि फ्लाय वर तरंगतेय असं होतं, मग 'एवढी महागडी सिंकिंग लाइन घेऊन काही उपयोग नाही' म्हणून ओरड. बुडणाऱ्या लाइनला ३ ते ५ फूट सरळ २० पाउंडाचा तुकडा बांधा, टेपर (निमुळतेपणा) वगैरे काही नको.

गाठी दोनच पक्क्या करा. फ्लायला न सरकणारा लूप, म्हणजे फ्लाय मोकळी हलते, आणि दोन दोऱ्या जोडायला डबल युनी. ओढण्याआधी थुंकी लावून ओली करायची, कोरडी ओढली तर दोरा गरम होऊन तिथेच कमजोर होतो. आणि दर दहा-पंधरा कास्टनंतर टिपेट नखांच्या चिमटीतून ओढून बघा, खरखर लागली की कापा आणि नवी बांधा. कास्ट करताना आपोआप पडलेली साधी गाठ दिसली तरी कापा, तिथे ताकद निम्म्याच्या आसपास येते. माझा दुसरा मासा असाच गेला, दिसत होती गाठ, म्हटलं एवढ्या एका कास्टनंतर बदलू. हातावर तुरी.

लाइन

पैसे खरे घालायचे ते इथे. मध्यम रॉड चांगल्या लाइनवर चांगला चालतो, चांगला रॉड भिकार लाइनवर काठी.

कुठली लाइन ते नदीवर ठरतं, आणि हिमालयात नद्या दोन जातीच्या. रामगंगा आणि नयार या दूधातोलीच्या डोंगरातून निघतात, वर हिमनदी नाही, झरे आणि पाऊस. सरयूही तशीच. पाणी स्वच्छ, हिरवट, मार्चमध्ये तळ दिसतो, डोह आणि मधे उथळ धावतं पाणी. महाकाली आणि गंगा हिमनद्यांवरच्या. मेच्या उन्हात वर बर्फ वितळायला लागलं की यांचं पाणी दुधाळ राखाडी होतं, जोर वाढतो आणि गारवाही. मग महसीर संगमावर येऊन बसतो, जिथे उपनदीचं निवळ, जरा उबदार पाणी या राखाडी पाण्यात शिरतं आणि दोन रंगांची रेघ दिसते. पंचेश्वर, व्यासघाट (इथे नयार गंगेला मिळते) ही ठिकाणं याच्यामुळेच नावाजली. मासा त्या रेघेच्या कडेला, खोलात.

पहिल्या जातीच्या नदीला तरंगती वेट फॉरवर्ड (पुढच्या भागात जड) लाइन आणि वजनदार क्लाउझर एवढ्यावर बरंचसं काम भागतं. दुसऱ्या जातीला सिंक टिप, म्हणजे फक्त पुढचं टोक बुडणारी लाइन, लागतेच. टाइप तीन म्हणजे सेकंदाला साधारण ३ इंच बुडते, टाइप सहा म्हणजे ६-७ इंच. हिशोब करा, टाइप सहाला संथ पाण्यात पाच फूट जायला दहाएक सेकंद, आणि महाकालीच्या धारेत त्या दहा सेकंदांत फ्लाय पार खाली वाहून गेलेली असते. म्हणून कास्ट आडवा नाही, जरा वरच्या अंगाला टाकायचा आणि लाइन उचलून वरच्या बाजूला फिरवून तिला बुडायला वेळ द्यायचा.

दोन-तीन पूर्ण लाइनी आणि तेवढ्या जादा स्पूल (लाइन गुंडाळायच्या रिळाच्या चकत्या) परवडत नसतील, आणि पहिल्या ट्रिपला कोणालाच परवडत नाहीत, तर एक तरंगती लाइन घ्या आणि १० फुटी बुडणारे पॉलीलीडर (लाइनीच्या टोकाला जोडायचे जड लीडर) दोन घ्या, एक मध्यम एक जलद. लूपला लूप अडकवला की झाली सिंक टिप. अगदी तसंच नाही पण ऐंशी टक्के काम होतं. टाकताना जरा धडपडतं, कास्ट सावकाश करा.

लाइनीचा टेपर आखूड आणि पुढे जड असलेला बघा. ट्राउटच्या नाजूक टेपरनं वजनदार फ्लाय उलटत नाही. आणि पाकिटावर ट्रॉपिकल लिहिलेली लाइन मार्चमध्ये गार पाण्यात तारेच्या वेटोळ्यासारखी होते, तर गार पाण्याची लाइन मेच्या दुपारी चिकट शेवयांसारखी. एकच घ्यायची तर मी गार पाण्याची घेतो, दुपारी तसाही मासा कमी आणि सावली जास्त प्यारी.

रीळ

ट्राउटमध्ये रीळ म्हणजे लाइन ठेवायची डबी. इथे रीळ ब्रेक आहे. महसीर लागला की पहिली धाव बहुतेक वेळा प्रवाहाबरोबर खाली, आणि ३० मीटर लाइन संपून बॅकिंग (लाइनीमागे गुंडाळलेला जादा दोरा) कधी सुरू झालं ते कळत नाही. ३० पाउंडाचं डेक्रॉन बॅकिंग किमान १५० यार्ड, मोठ्या नदीला २००, म्हणजे सुमारे १८० मीटर. जेलस्पन बॅकिंग बारीक असतं, जास्त मावतं, पण ते मांजा आहे, धावत्या माशावर बोट लागलं तर कापतंच. मला डेक्रॉन बरं.

घेताना हे करा. लाइन नसली तरी दुकानात स्पूलला दोरा बांधून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) मध्यावर ठेवा आणि दोरा अगदी हळू ओढा. सुरुवातीला अडकून मग झटक्यानं सुटत असेल तर ते रीळ ठेवून द्या, कितीही चकचकीत असो. तो सुरुवातीचा झटका टिपेट तोडतो. गुळगुळीत सुरू झालं पाहिजे. ड्रॅग सीलबंद असलेला बरा, कारण हिमनदीचं पाणी म्हणजे बारीक पिठासारखी रेती, उघड्या ड्रॅगमध्ये जाऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी करकर सुरू. स्पूल मोठ्या गाभ्याचा, लार्ज आर्बर, मासा अचानक तुमच्याकडे वळला की भराभर गुंडाळता येतं.

ड्रॅग किती टाइट, याचा साधा हिशोब, टिपेटच्या ताकदीच्या पाव. २० पाउंड म्हणजे ९ किलो, त्याचा पाव सव्वादोन किलो. बॅगा तोलायचा काटा असतो ना हुकवाला, तो लाइनीला अडकवून ओढा, सव्वादोनला रीळ सुटलं पाहिजे. करून बघा, हाताला आपण ठेवतो त्यापेक्षा बरंच घट्ट लागतं. मग रिळावर मार्करनं खूण करा. धाव चालू असताना ड्रॅगशी खेळू नका, पतंगासारखी ढील द्यायची, रॉड जरा खाली आणि बाजूला.

आता रॉड

९ फूट, चार तुकड्यांचा, आठ किंवा नऊ वेट. झालं. हे वाक्य आधीच लिहून टाकलं असतं तर तुम्ही इथपर्यंत आला नसता.

रामगंगा-नयारसारख्या नदीला आठ पुरे. महाकाली, गंगा, जिया भरेलीच्या मोठ्या पाण्याला नऊ, क्वचित दहा. वेट म्हणजे रॉडचं वजन नाही, तो किती जड लाइन फेकायला बनवलाय ते. लाइनीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन आठला २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, आणि दहाला २८०, अठरा ग्रॅम. फरक लहान वाटतो पण दिवसभरात शेकडो वेळा तो हातातून जातो. नवखे दहा घेतात आणि दुपारी झाडाखाली बसतात.

ॲक्शन फास्ट, म्हणजे ताठ आणि वाकून लगेच सरळ होणारा, पण झाडूची काठी नको. दुकानात रॉड हलवून काही कळत नाही, जमलं तर लाइन लावून गवतावर फेकून बघा. मूठ फुल वेल्स जातीची, जाड, आणि खाली पोटाला टेकवायचा छोटा बुंधा असलेला, नाहीतर मोठा मासा लागला की रीळ बरगडीत घुसतं. रिंगांना भेगा नाहीत ना ते कापसाचा बोळा आतून फिरवून बघा, धागा अडकला तर भेग आहे. वॉरंटी बघा पण तुटलेला रॉड परदेशात पाठवून परत यायला ट्रिप उलटून जाते, त्यापेक्षा बरोबर एक स्वस्त जादा रॉड ठेवलेला शहाणपणाचा.

एक पर्याय, ११ फुटी स्विच रॉड. मागे दरड किंवा झाडी आणि पुढे रुंद पाणी अशा जागा हिमालयात पावलोपावली, तिथे मागे लाइन उडवायला जागाच नसते. स्विचनं पाण्यावरूनच लाइन उचलून फेकता येते. पण शिकायला वेळ लागतो, पहिल्या ट्रिपला नको, त्याऐवजी नेहमीच्या रॉडनं रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पुढे फेकणं) घोटवा.

रॉडपेक्षा महत्त्वाची एक सवय आहे ती इथेच सांगतो. मासा लागल्यावर रॉड वर उचलायचा नाही. ट्राउटची सवय असेल तर हात आपोआप वर जातो. रॉड पाण्याकडे रोखलेला ठेवून डाव्या हातानं लाइन खेचायची, जाड ओठात हुक तसाच बसतो. डाव्या हाताच्या बोटांना लायक्राच्या टोप्या घाला नाहीतर चिकटपट्टी गुंडाळा, दुसऱ्या दिवसापासून तर्जनीला चीर पडलेली असते.

पाय, डोळे, जाळं

बुटांवर कंजूषी नको. धोंडे गोल, वर शेवाळ, पाणी मांडीपर्यंत असलं तरी धार उचलते. रबरी सोल आणि त्यात लोखंडी खिळे असलेले वेडिंग बूट मला आवडतात. फेल्टचा सोल शेवाळावर जास्त चिकटतो हे खरं, पण वाळता वाळत नाही, एका नदीतली घाण दुसऱ्या नदीत नेतो, आणि नदीवर उतरायच्या मातीच्या पायवाटेवर बर्फावर चालल्यासारखं होतं. वेडर (पाणी न शिरणारी उंच पँट) मार्चमधल्या गार सकाळी सोडले तर लागत नाहीत, पटकन वाळणारी पँट आणि निओप्रिनचे मोजे बास. काठी हवीच, गावात बांबू मिळतो तो कुठल्याही फोल्डिंग काठीपेक्षा भरवशाचा.

वर धरण असलेल्या नदीवर, उदाहरणार्थ व्यासघाटच्या गंगेवर, पाणी न सांगता वाढतं. ओल्या दगडाची रेघ बघत राहा. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला की आधी बाहेर या, मग विचार करा.

पोलराइज्ड चष्मा तांबूस भिंगांचा, मासा दिसायला आणि क्लाउझर डोळ्यात जाऊ नये म्हणूनही. टोपी. लांब चिमटा, दोरीनं अंगाला बांधलेला, माझा एक रामगंगेच्या तळाशी आहे. जाळं घ्याल तर रबरी जाळीचं आणि ऐसपैस, नायलॉनच्या गाठींनी खवले निघतात. खूप मोठा मासा असेल तर जाळ्याच्या नादी न लागता उथळ पाण्यात आणा, हात ओले करा, पोटाखाली आणि शेपटीपाशी धरून पाण्यातच ठेवा. तोंड धारेकडे. फोटो पाहिजे तर कॅमेरेवाला तयार झाल्यावर दोन सेकंद वर, शेपटीनं लटकवून अजिबात नाही.

परमिट आणि पॅकिंग

नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकता येत नाही, बाहेरच्या पट्ट्यांना परवाना लागतो, आणि तो वनखातं देतं की मत्स्यखातं हे राज्य आणि नदीप्रमाणे बदलतं. कॅम्पवाला 'हो जाएगा' म्हणाला तरी कागद आधी मागा, तारीख आणि नदीचा पट्टा त्यावर लिहिलेला आहे का बघा. एकदा आमचे दोन दिवस यातच गेले, सामान सगळं जागेवर आणि आम्ही चहा पितोय.

चार तुकड्यांच्या ९ फुटी रॉडची नळी पाऊण मीटरच्या वर जाते, केबिनमध्ये घेऊ देतीलच असं नाही, चेक-इनमध्ये टाकायची तयारी ठेवा. हुक, चिमटा, कानस तर चेक-इनमध्येच. रीळ मात्र हातातल्या बॅगेत, मऊ कपड्यात, लाइन काढून घेऊन. पुढे काठगोदाम, टनकपूर किंवा रामनगरपर्यंत रेल्वे आणि मग जीप. जीपच्या टपावर नळी बांधू देऊ नका, पायाशी ठेवा.

निघायच्या आठवडाभर आधी मैदानात हुक कापलेली फ्लाय लावून रोज अर्धा तास फेका, वारा असलेल्या संध्याकाळी मुद्दाम. आणि परत येताना उरलेले जाड हुक, टिपेटची रिळं दाज्यूंकडे ठेवून या, तिथल्या बाजारात मिळत नाहीत. मिटलेला तो ट्राउटचा हुक मात्र मी मागितला तरी त्यांनी दिला नाही, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला ठेवलाय म्हणे.